आई भानावर आहे तोवरच सह्या घ्या

ताई, आईला शुश्रूषाकेंद्रात ठेवलं की तिच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी तुमच्या गळ्यात पडेल, असं वसुलीवाल्याने सांगितलं ना? तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर अजिबात घाबरू नका. तिच्या पश्चातही वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

घर विकायची घाई नको. भाड्याने द्या, पण करार नोंदवूनच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते सक्तीचं आहे.

खरी घाई खात्याची करा. आजच बँकेत जाऊन तिच्या खात्याला तुमचं नाव जोडून घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणसाचं भान गेलं की तेही संपतं. आम्ही उशीर केला. बाबा सहीच्या जागी नुसती रेघ ओढायचे आणि माझ्याकडे बघायचे. शेवटी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागलं.