आमदारांच्या ऑफिसात नवीन आहे, अधिवेशनासाठी अभ्यास कुठून करायचा? लायब्ररी, रिपोर्ट, रोज काय वाचायचं ते सांगा

खाडीकाठचा_कारकून

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातला. फेब्रुवारीत एका आमदारांच्या ऑफिसात लागलो, पीए नाही, पीएच्या हाताखालचा. आधी पतपेढीत होतो त्यामुळे निवेदनं टाइप करणं, शिफारसपत्रं, फोन, कोणाकडे बारसं कोणाकडे बारावं ही डायरी हे सगळं जमतं. पण आता पावसाळी अधिवेशन तोंडावर आलंय आणि साहेब म्हणाले तू शिकलेला आहेस तर धूप प्रतिबंधक बंधारे (समुद्राने किनारा खाऊ नये म्हणून बांधतात ते) आणि मच्छीमारी या दोन विषयांवर नीट अभ्यास करून मुद्दे काढून दे.

घाबरायचं कारण असं की मार्चमध्ये मी व्हॉट्सॅपवर आलेल्या एका पीडीएफवरून मुद्दा लिहून दिला होता, साहेब सभागृहात बोलले आणि समोरून उत्तर आलं की तो शासन निर्णय कधीच अधिक्रमित झालाय, म्हणजे त्याच्या जागी नवा आलाय. साहेब मला काही बोलले नाहीत. पण येताना पनवेलपासून कणकवलीपर्यंत गाडीत एक शब्द नाही, मी आपला खिडकीबाहेर बघत बसलो.

तर विचारायचं होतं की विधानभवनाच्या लायब्ररीत आमच्यासारख्या स्टाफला काही मदत मिळते का, दर वेळी कोकणकन्या पकडून मुंबईला जाणं शक्य नाही मग घरबसल्या काय बघता येतं, आणि रोजचं वाचन काय ठेवू? गुगल केलं की नुसत्या बातम्याच येतात.

निवृत्त_ग्रंथपाल_रत्नागिरी

बाळा, पहिली गोष्ट, लाजू नकोस, ती चूक सगळ्यांची झालेली असते.

विधानभवनातलं ग्रंथालय मुळात सदस्यांसाठी आहे, म्हणून साहेबांच्या लेटरहेडवर पत्र घेऊन जा आणि पत्रात विषय नेमका लिही. "मच्छीमारीविषयी माहिती" असं लिहिलंस तर तुझ्यापुढे ढीग येईल आणि तू दोन तासांनी चहा पिऊन परत येशील. "मागच्या दहा वर्षांत सिंधुदुर्गातल्या धूप प्रतिबंधक बंधाऱ्यांवर दोन्ही सभागृहांत आलेले प्रश्न आणि उत्तरं" असं लिही. ग्रंथालयात बसणाऱ्या माणसाला विषय जितका अरुंद देशील तितकी तो तुला खोल विहीर दाखवतो, हे मी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून सांगतेय.

आता घरबसल्याचं. विधिमंडळाच्या वेबसाइटवर सभागृहाची कार्यवाही असते, तिथून सुरुवात कर, बातम्यांपासून नको. मग महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, ती अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी मांडतात, सगळी वाचायची गरज नाही, शेती आणि मत्स्यव्यवसायाचं प्रकरण आणि मागचे तक्ते वाच. पण खरी कामाची वस्तू म्हणजे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन. तेच अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, तालुकावार आकडे असतात, आणि मी पैजेवर सांगते तुझ्या ऑफिसात आजवर कोणी ते उघडलेलं नाही. सिंधुदुर्गनगरीला जिल्हा सांख्यिकी कार्यालय आहे तिथे जाऊन माग.

आणि आपल्या गावची वाचनालयं विसरू नकोस रे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, तुझ्या बाजूला सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर. चिपळूणला २००५ चा आणि २०२१ चा पूर पुस्तकांनीही सोसला. अशा ठिकाणी स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मिळतात. अमुक वाडीत समुद्र कोणत्या साली घरापर्यंत आला हे एकवेळ मंत्रालयात सापडणार नाही, त्या फायलीत सापडेल. १८८० चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर आता ऑनलाइन आहे, त्यात एकेका बंदराचं आणि खाडीचं वर्णन आहे, किनारा तेव्हा कुठे होता हे दाखवायला उपयोगी पडतं.

एक हौसेचं पण वाच. १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती (खोतांमार्फत शेतसारा वसूल करायची पद्धत) रद्द करायचं विधेयक मांडलं होतं, म्हणजे आपल्याच कोकणाचा प्रश्न. त्यांची विधिमंडळातली भाषणं राज्य शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. कायद्याने खोती गेली ती पुढे १९४९ च्या अधिनियमाने. मुद्दा कसा बांधतात ते तिथे शिकायला मिळतं, आमच्या वेळचे वकीलसुद्धा तो खंड मागून न्यायचे.

हिवाळी_वारकरी

ताईंनी सांगितलं ते सोनं. मी रायगडातल्या एका आमदारांकडे सतरा वर्षं होतो, डिसेंबरात नागपूर आणि बाकी दोन अधिवेशनं मुंबई अशा वाऱ्या केल्यात, त्यामुळे थोडं धंद्याचं सांगतो.

जुनी उत्तरं वाचायची एक पद्धत आहे. प्रश्न कसा छापलेला असतो बघ, "अमुक गावातील बंधारा वाहून गेल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय", मग "असल्यास, चौकशी केली आहे काय", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". त्यावर उत्तर "होय" आलं तर आनंद. "नाही" आलं तर पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" आणि तुझा कागद संपला. पण "हे अंशत: खरे आहे" आलं ना, की तिथे पेन्सिलने खूण कर. त्या अंशत: मध्येच सगळं असतं, खातं कुठला अंश मान्य करतंय आणि कुठला गिळतंय ते बघायचं, आणि गिळलेला अंश हाच आपला उपप्रश्न.

दुसरं, मंत्र्यांनी सभागृहात "करतो" म्हटलं की त्याचं आश्वासन होतं, आणि त्यासाठी वेगळी आश्वासन समिती असते. तिचे अहवाल, लोकलेखा समितीचे, पंचायत राज समितीचे (ही आली की जिल्हा परिषदेत रंगरंगोटी सुरू होते ती) हे सगळे लायब्ररीत मिळतात आणि बहुतेक ठिकाणी धूळ खात असतात. कॅग म्हणजे सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक, त्यांचे अहवाल त्यांच्या साइटवर आहेत. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात त्यामुळे चर्चा व्हायच्या आधीच सगळे गाडीत बसलेले असतात, तू पुढच्या अधिवेशनाला वाच, शिळे होत नाहीत.

तिसरं तुझ्या जखमेवरचं. शासन निर्णय पीडीएफमध्ये आला की आधी खालचा सांकेतांक बघ, मोठा आकडा असतो आणि त्याची सुरुवात वर्ष महिना तारखेने होते. तो आकडा शासनाच्या साइटवर टाकून मूळ प्रत काढ. मग त्याच विभागाचे त्यानंतरचे निर्णय चाळ आणि त्यात "अधिक्रमित" किंवा "सुधारणा" शब्द शोध. दहा मिनिटांचं काम, कणकवलीपर्यंतचा अबोला वाचतो.

पैशाचं बघायला पुरवणी मागण्यांची (बजेटनंतर मागितलेल्या जादा खर्चाची) पुस्तकं, बांधकाम खात्याचं व्हाइट बुक (कामं आणि त्यांची तरतूद यांची यादी), आणि निधी किती वाटला ते बीम्स या सरकारी निधीवाटपाच्या साइटवर. काम मंजूर आहे म्हणतात आणि तरतूद नावापुरती, हजार रुपयांची टोकन असते, हे व्हाइट बुकातच कळतं.

झटपट_राव

एवढं कशाला करताय. एआयला विचारा, पाच मिनिटांत लक्षवेधीचा (तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं लक्ष वेधायच्या सूचनेचा) ड्राफ्ट देतो, मराठीत पण.

हिवाळी_वारकरी

राव, देतो खरा. आमच्याकडच्या नव्या पोराने घेतला होता. शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख, सगळं झोकात होतं, फक्त तसा शासन निर्णय नव्हता. भाषा सुधारायला वापरा, लांबलचक रिपोर्टचा सारांश काढायला वापरा आणि मग पान उघडून ताडून बघा. क्रमांक मात्र स्वतःच्या डोळ्यांनी.

रापणकार_मालवण

लायब्ररीचा सगळा बरोबर असा, पण मच्छीमारीचा माका सांगूक होया म्हणान लिवतंय.

पयली गोष्ट, बारा सागरी मैलापर्यंत राज्य सरकार, त्याच्या भायर केंद्र. तुझ्या सायबान बारा मैलाभायरचो प्रश्न विधानसभेत इचारलो तर मंत्री सांगतलो ह्यो केंद्राचो विषय, आणि सायब खाली बसतलो. तो प्रश्न खासदाराक देवचो. एलईडी लाइट लावन मासे धरूक केंद्रान २०१७ मध्ये भायरच्या हद्दीत बंदी घातली हा, तो आदेश वेगळो. आपल्या राज्याचो कायदो १९८१ चो, सागरी मासेमारी नियमन, त्येत २०२१ क मोठी दुरुस्ती झाली. आदी केस तहसीलदाराकडे जाय, आता मत्स्यव्यवसायच्या अधिकाऱ्याकडे जाता. लोक अजून जुनोच कायदो घेवन भांडतत. पर्ससीन म्हणजे मोठ्या जाळ्यान माशांचो थवो घेरून धरतत ती मासेमारी, तिचो आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चो, तो सोमवंशी समितीच्या अहवालावरसून इलो, सप्टेंबर ते डिसेंबर इतक्याच दिवसांची मुभा. आदेश आणि अहवाल दोनय वाच, नुसतो आदेश वाचलंस तर कित्याक केलो ता कळाचा नाय.

मासळी किती गावली ह्येचे आकडे कोचीची सीएमएफआरआय ही सागरी मासळीवर संशोधन करणारी केंद्राची संस्था दर वर्सा काढता, राज्याचो मत्स्यव्यवसाय विभागय काढता. दोघांचे आकडे जुळतत असा समजा नको. आणि ह्या सगळा वाचून झाल्यावर एक दिवस पहाटे बंदरात ये, आमच्या वांगडा रापण (किनाऱ्यावरसून ओढतत ता मोठा जाळा) ओढ. जून-जुलैत बंदी असता तेव्हा बोटी वर ओढलेले असतत, माणसा मोकळी असतत, तेव्हाच खरा बोलतत.

खाडीकाठचा_कारकून

काका, बारा मैलांचं मला खरंच माहीत नव्हतं. साहेबांच्या मुद्द्यांत एलईडीचा मुद्दा पहिलाच होता, आता तो दोन भागांत करतो.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचं, कोणी सांगेल का? बंधारा मागितला की पत्तन विभाग (बंदरं आणि किनाऱ्याची बांधकामं बघणारा) म्हणतो सीआरझेडची परवानगी, आणि तिथे गेलं की म्हणतात नकाशा बघा.

निवृत्त_ग्रंथपाल_रत्नागिरी

अधिसूचना दोन आहेत, २०११ ची आणि १८ जानेवारी २०१९ ची, कोणती लागू धरून बोलतोयस ते आधी ठरव, अर्धी भांडणं तिथेच असतात. नवीत गावाकडच्या किनाऱ्याचा 'सीआरझेड-३' हा वर्ग दोन भागांत केलाय, २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र (नवीन बांधकामाला बंदी असलेला पट्टा), कमी असेल तर २०० मीटर. तुझ्या गावची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत मिळेल, भागाकार स्वतः कर. नकाशे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या साइटवर बघायचे, मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर.

गुहागरकर_सेंटपॉल

विषय निघालाच आहे म्हणून. मी मिनेसोटात असतो, इथल्या राज्य विधिमंडळाची वेगळी संदर्भ लायब्ररी आहे आणि सरकारी खात्यांनी विधिमंडळाला द्यायचे अहवाल तिथे जमा करायचे असा कायदाच आहे. एकेका विषयावर मागचे कायदे, अहवाल, बातम्या अशी वाचनाची यादी करून ठेवतात, आमदाराचा स्टाफच काय मी पण वाचू शकतो. ही कल्पना इथे जुनी आहे, शेजारच्या विस्कॉन्सिनने १९०१ मध्येच आमदारांसाठी अशी लायब्ररी काढली होती. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे दिल्लीची पीआरएस, संसद आणि विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था. विधेयकांचे सारांश, राज्यांच्या बजेटचं विश्लेषण, महिन्याचा धोरण आढावा, सगळं फुकट. इंग्रजीत आहे पण सोपं आहे. संसदेची डिजिटल लायब्ररीसुद्धा उघडी आहे, तिथे बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांची लोकसभेतली भाषणं शोध. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार, वाचताना जरा छाती फुगते.

हिवाळी_वारकरी

रोजच्या वाचनाचं राहिलं. एक मुंबईचा पेपर, एक जिल्ह्याचा, जिल्ह्याचा आधी. राजपत्र आठवड्यातून एकदा. "लोकराज्य" आणि "योजना" चाळायचे, सरकारची बाजू सरकारच्याच शब्दांत कळते. विधानभवनातल्या वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्राचा काही कार्यक्रम लागला तर साहेबांना सांगून जा. पागे म्हणजे रोजगार हमीवाले, विधान परिषदेचे सभापती होते. आणि बातमी कापून ठेवताना तारीख लिही रे, आमच्या ऑफिसात तारीख नसलेल्या कात्रणांची एक गोणी आहे, कोणी टाकत पण नाही.

खाडीकाठचा_कारकून

अपडेट देतो. तीन रात्री कार्यवाही चाळली, स्कॅन तिरके आहेत, शोध नीट लागत नाही, पण सापडलं. आमच्याच मतदारसंघातल्या एका वाडीच्या बंधाऱ्यावर वेगवेगळ्या आमदारांनी तीनदा प्रश्न विचारलाय. पहिल्यांदा उत्तर "सर्वेक्षण प्रस्तावित आहे", मग "अंशत: खरे आहे, अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे", आणि तिसऱ्यांदा परत "सर्वेक्षण प्रस्तावित आहे". म्हणजे अंदाजपत्रक झालं आणि मग परत सर्वेक्षण? साहेबांना दाखवलं तर ते दोनदा वाचून म्हणाले, "ह्यां खयसून काढलंस?"

शनिवारी सावंतवाडीला फायली बघायला जातोय, त्या वाडीत समुद्र आत आल्याची बातमी शोधायला.

हिवाळी_वारकरी

शाब्बास. आता तिन्ही उत्तरं, तारखा आणि प्रश्न क्रमांक एकाच कागदावर मोठ्या अक्षरात घे. आणि तो कागद फायलीत लावू नकोस, साहेबांच्या खिशात दे. उपप्रश्नाला उभं राहिल्यावर फाइल उघडायला वेळ नसतो.

रापणकार_मालवण

आणि ती वाडी खयची ता माका फोन करून सांग. थयच्या म्हाताऱ्यांका मी वळखतंय.