‘लघुकोन काचबिंदू’ म्हणावं का?

विचारणा
रुग्णांसाठीच्या पत्रकाचं मराठीकरण करतेय. ‘अ‍ॅक्यूट अँगल क्लोजर ग्लॉकोमा’ला जुन्या मसुद्यात ‘लघुकोन काचबिंदू’ केलंय. रुग्ण जन्मतःच फार लहान डोळ्यांचे, ‘नॅनोफ्थाल्मॉस’वाले, त्याला ‘लघुनेत्र’. दोन्हीकडे लघु, चालेल?

प्रतिसाद १
पहिला लघु उडवा. भूमितीतला लघुकोन (‘अ‍ॅक्यूट अँगल’) उचलून इथे चिकटवलाय. हे ‘अ‍ॅक्यूट’ कोनाचं विशेषण नव्हेच, कोन बंद होण्याचं आहे. रंगीत पडदा आणि पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) यांच्या कोनातून डोळ्यातलं पाणी निचरतं. तो एकाएकी मिटला की दाब चढतो. एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा असतो, तो ४०-५० च्याही वर. डोळा लालभडक, अर्धं डोकं ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. पित्त समजून घरी थांबलं तर नजर जाऊ शकते. ‘तीव्र’ लिहिलंत तर लोक ‘जोराचा’ असं वाचतील. ‘अचानक कोन बंद होऊन झालेला काचबिंदू’ लिहा. लांबतंय, लांबू दे.

प्रतिसाद २
सुश्रुतसंहितेतला ‘अधिमंथ’ बऱ्याच अंशी हाच मानतात. डोळा घुसळल्यासारखी वेदना, म्हणून मंथ. शब्द झकास, पण पत्रकात नको!

प्रतिसाद ३
डोळ्यांच्या दवाखान्यात नातेवाइकांना समजावून सांगायचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

‘लघुनेत्र’ चालेल, पण ‘बारीक डोळे’ नको. लोकांना पापण्यांची फट वाटते. इथे अख्खा गोळाच लहान. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी २३-२४ मिलिमीटर, यांची २० च्या आसपास किंवा कमी. भिंग मात्र नेहमीएवढं. खोली एवढीशी आणि कपाट भलंमोठं, म्हणून रंगीत पडदा पुढे रेटला जातो.

उपचाराचे शब्दही त्यामुळे जपून वापरा. आधी थेंब, अ‍ॅसिटाझोलामाइड, गरज पडली तर शिरेतून मॅनिटॉल देऊन दाब उतरवतात. मग लेसरने रंगीत पडद्याला भोक. पण अशा डोळ्यांत अडथळा भिंगाचाच असल्याने नुसतं भोक बऱ्याचदा पुरत नाही. बाहुली आकसवणारं पायलोकार्पिन तर उलटूही शकतं, भिंग आणखी पुढे सरकतं. शेवटी भिंगच काढावं लागतं. तेव्हा हमखास ऐकू येतं, “अहो डॉक्टर, काचबिंदू सांगितलात आणि मोतीबिंदू काढताय?” म्हणून ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन’ न म्हणता ‘भिंग काढण्याची शस्त्रक्रिया’ म्हणा.

आणि ‘साधी शस्त्रक्रिया’ तर अजिबात नको. या डोळ्यांचं पांढरं आवरण जाड असतं. दाब एकदम उतरला तर आतल्या थरात पाणी साचतं, क्वचित रक्तस्रावही होतो. काही शल्यविशारद त्यासाठी त्या आवरणात आधीच छोट्या खिडक्या कापून ठेवतात.

विचारणा
‘खिडक्या’ तशाच ठेवते. आणि क्रॉनिकला ‘जुनाट’?

प्रतिसाद ३
खोकल्याला शोभतं. इथे ‘हळूहळू कोन बंद होणारा’ करा. ‘जुनाट’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे आता घाई नाही ना?”