थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचं तिरामिसू: पाणी न सुटता कसं करायचं?

मेतकूट_भात:
थँक्सगिव्हिंगला बारा जणांचं जेवण आहे आणि गोडाचं माझ्याकडे आलंय. पम्पकिन पाय दुसरं कुणीतरी आणणार, त्यामुळे भोपळ्याचंच पण इटालियन वळणाचं काहीतरी करायचंय. डोक्यात तिरामिसू आहे, म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मास्कार्पोने या मऊ इटालियन चीजचे थर. अडचणी अशा: गुरुवारी ओव्हन दिवसभर टर्कीच्या ताब्यात. दोघं अंडं खात नाहीत. लहान मुलं आहेत, म्हणून रम वगैरे नको. आणि चाळीस मिनिटं गाडीतून न्यायचंय.
नेटवरच्या बहुतेक कृतींखाली एकच तक्रार दिसते, दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी साठतं आणि थर घसरतात. हे कशामुळे? डब्यातली प्युरी तशीच वापरायची की नाही? प्रमाण ग्रॅममध्ये दिलंत तर फार बरं.

केशरवेलची:
पाणी भोपळ्यातूनच येतं. भोपळ्यात साधारण नव्वद टक्के पाणी असतं, डब्यातली प्युरी घट्ट दिसली तरी तिच्यातही ते भरपूर असतं. मास्कार्पोनेत मिसळल्यावर ते तेवढ्यापुरतं धरून राहतं आणि रात्रभरात हळूहळू खाली उतरतं. खाली कॉफीत भिजलेली बिस्किटं असतात, ती आधीच तुडुंब, मग ते जाणार कुठे? म्हणून प्युरी आधी आटवायची. ही पायरी गाळून कुठलीही युक्ती चालत नाही, कॉर्नफ्लोअर घालूनही नाही.

४२५ ग्रॅमचा (१५ औंसांचा) एक डबा घ्या. त्यावर नुसतं 'प्युअर पम्पकिन' लिहिलेलं हवं. शेजारीच 'पाय मिक्स' किंवा 'पाय फिलिंग' असतं, त्यात साखर-मसाला आधीच असतो, ते नको. पसरट नॉनस्टिक पॅनमध्ये मध्यम आचेवर प्युरी, १२० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि पाव चमचा मीठ घालून परता. साखर विरघळली की मिश्रण आधी पातळ होईल, घाबरू नका. दहा-बारा मिनिटांत ते पॅन सोडायला लागतं. उलथन्याने मधोमध रेघ ओढा: रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली आणि कडेने पाणी झिरपून आलं नाही, की झालं. वजन करत असाल तर साखरेसकट ४०० ग्रॅमच्या जरा वर-खाली यायला हवं. शेवटच्या मिनिटाला मसाला: दीड छोटा चमचा दालचिनी, अर्धा सुंठ, पाव जायफळ, लवंगेची चिमूट. गरम गरात मसाला परतला गेला की त्याचा कच्चा, खडूसारखा वास जातो. ताटात पसरून पूर्ण गार करा आणि मग फ्रिजमध्ये अर्धा तास. कोमट गर मास्कार्पोनेत गेला तर सगळं पातळ होतं आणि नंतर फेटून काही उपयोग नसतो.

बारा जणांना ९ x १३ इंचांचा एक पॅन लागतो, पण तुमच्याकडे अंडं न खाणारे आहेत म्हणून ८ x ८ चे दोन पॅन करा. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं आणि एक पॅन पूर्ण बिनअंड्याचा ठेवता येतो. दोन्हींना मिळून:
– मास्कार्पोने ४५० ग्रॅम (२२६ चे दोन डबे)
– हेवी व्हिपिंग क्रीम ४८० मिली
– पिठीसाखर ४० ग्रॅम
– वर सांगितलेला आटवलेला भोपळा
– कडक कॉफी ४०० मिली, पूर्ण गार

मास्कार्पोने पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर त्याच्या गुठळ्या राहतात. ते आणि भोपळा हाताने, साध्या व्हिस्कने, एकजीव होईपर्यंतच हलवा. मिक्सर इथे नको. वेगळ्या थंड भांड्यात क्रीम आणि पिठीसाखर फेटा. व्हिस्क उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबायचं, कारण मिसळताना ते आणखी घट्ट होतं. मग क्रीम तीन भागांत, खालून वर उचलत मिसळा.

बिस्किटं बुडवताना एका बाजूला एक सेकंद, उलटून एक सेकंद, बस. आतला भाग कोरडा राहायलाच हवा, तो रात्रभरात क्रीममधला ओलावा घेतो. बोटाने दाबल्यावर कॉफी टपकली तर जास्त झालं. थर: बिस्किटं, निम्मं क्रीम, बिस्किटं, उरलेलं क्रीम. बुधवारी दुपारी लावून ठेवा. कमीत कमी आठ तास, पण चोवीस तासांनी जास्त चांगलं लागतं. कोको पावडर त्या घरी पोचल्यावर, वाढायच्या आधी. आदल्या दिवशी चाळली तर ती ओली होऊन वर काळपट डाग पडतात.

चुलीपुढे:
केशरवेलची यांनी सगळंच लिहिलंय. फक्त अंड्याबद्दल थोडं.

इटलीतल्या त्रेविझोच्या मूळ तिरामिसूत क्रीम नसतं, अंड्याचा बलक आणि साखर फेटून त्यात मास्कार्पोने घालतात. वरच्या कृतीत बलकाच्या जागी क्रीम आहे, म्हणून मिश्रण बिनअंड्याचंच आहे. अंडं येतं ते बिस्किटांतून. पारंपरिक सावोयार्दी, म्हणजे लेडीफिंगर्स, अंड्याशिवाय होत नाहीत. २०० ग्रॅमच्या पाकिटात साधारण २४ येतात, तेवढ्यात ८ x ८ चा एक पॅन भागतो. टोकं थोडी छाटावी लागतात, ते तुकडे फटींत बसवा.

दुसऱ्या पॅनला लोटस बिस्कॉफ घ्या. त्यात अंडं नाही, दूधही नाही, आणि दालचिनीची चव भोपळ्याला अगदी जुळते. एका थराला २२-२४ लागतात. मात्र ही बिस्किटं कॉफीत बुडवायची नाहीत, लगेच विरघळून हातात तुटतात. कोरडीच मांडा आणि वरून ब्रशने कॉफी फिरवा, एका थराला चार-पाच मोठे चमचे. आणि ती गोड असतात, म्हणून त्या पॅनला क्रीममध्ये पिठीसाखर नाही घातली तरी चालतं. इंडियन स्टोअरमधला केक रस्क काही जण सुचवतील, पण त्यात बऱ्याचदा अंडं असतं, पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नका.

मुलांसाठी कॉफीऐवजी ॲपल सायडर (सफरचंदाचा न गाळलेला रस, दारू किंवा व्हिनेगर नव्हे): ४०० मिली घेऊन २५० पर्यंत उकळून आटवा, गार करा. आटवला नाही तर पाण्यासारखा लागतो. माझ्या मते भोपळ्याला कॉफीपेक्षा हाच जास्त शोभतो, पण मग त्याला तिरामिसू म्हणायचं का यावर भांडणारे भेटतील.

खलबत्ता:
इटालियन वळण खरंच हवं असेल तर मसाला कमी करा. दालचिनी-सुंठ-लवंग हे सगळं अमेरिकन पायचं आहे. लोंबार्दीतल्या मांतोवाला नाताळच्या आदल्या रात्री तोर्तेल्ली दी झुक्का करतात, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता. त्या सारणात भोपळ्यासोबत आमारेत्ती या बदामी चवीच्या बिस्किटांचा चुरा, चीज, फळांची तिखट मोस्तार्दा आणि जायफळ असतं. भोपळा आणि आमारेत्ती ही तिथली ठरलेली जोडी, आणि ती गोडातही तशीच चालते.

तेव्हा नुसतं जायफळ अर्धा छोटा चमचा, ताजं किसून, आणि दालचिनी फार तर पाव. ८०-१०० ग्रॅम कडक आमारेत्ती जाडसर कुटून निम्मा चुरा मधल्या क्रीमवर आणि निम्मा वाढताना वर. मधला मऊ पडतो, त्याने कडवट बदामी वास उतरतो आणि थोडा ओलावाही शोषला जातो. वरचा कुरकुरीत राहतो. पण आमारेत्तीत अंड्याचा पांढरा भाग असतो, त्यामुळे हे फक्त अंड्याच्या पॅनला. दुसऱ्यावर भाजलेल्या बदामांचे काप. आणि पाहुण्यांत कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का ते आधीच विचारून घ्या.

मेतकूट_भात:
सगळ्यांचे आभार, दोन पॅनचं अगदी पटलं. आणखी दोन शंका. मास्कार्पोने फुटून रवाळ झालं तर वाचवता येतं का? आणि ऐनवेळी थर लावायला वेळ नाही मिळाला तर पन्ना कोट्टा (क्रीम जिलेटिनने घट्ट करून केलेलं इटालियन गोड) करता येईल का? जिलेटिन मात्र चालणार नाही.

केशरवेलची:
मास्कार्पोने फुटतं ते दोन कारणांनी: जास्त फेटल्यामुळे, किंवा फार थंड आणि कोमट पदार्थ एकत्र आल्यामुळे. नुसतं रवाळ दिसत असेल तर दोन-तीन मोठे चमचे न फेटलेलं क्रीम घालून चमच्याने सावकाश हलवा. तेवढ्याने नाही जमलं तर भांडं एक मिनिट कोमट पाण्यावर धरून परत हलवा, बहुतेक वेळा जुळून येतं. पण कडेला पांढरट पाणी आणि मधे लोण्याचे गोळे दिसायला लागले तर ते लोणीच झालं, नवा डबा उघडा. हाताशी एक जास्तीचा डबा ठेवलेला बरा, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात दुकानात मिळेलच असं नाही.

मिश्रण फुटलं नाही पण ओघळतंय, असं झालं तर परत फेटू नका. लोफ टिनला प्लॅस्टिक लावून त्यात ओता, मधे बिस्किटांचे तुकडे टाका आणि सहा-सात तास फ्रीझरमध्ये. त्याचं सेमीफ्रेद्दो, म्हणजे आइस्क्रीमसारखं गोठवलेलं गोड, होतं, तेही अस्सल इटालियनच. वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढून काप करायचे.

पोपटी:
पन्ना कोट्टा अगर अगर पावडरीने (चायना ग्रासची पूड) छान होतो. फक्त तो जिलेटिनच्या पन्ना कोट्टासारखा वागत नाही. जिलेटिन तोंडात वितळतं. अगर एकदा सेट झालं की जवळजवळ ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून प्रमाण थोडं जरी वाढलं तरी वडी होते. साच्यातून उलटा काढायच्या भानगडीत न पडता ग्लासातच सेट करा, म्हणजे अगर कमी लागतं.

आठ छोट्या ग्लासांसाठी: दूध ३०० मिली, क्रीम ४०० मिली, डब्यातली प्युरी २०० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, जायफळ, चिमूटभर मीठ, अगर २ ग्रॅम. बाराजणांना दीडपट. दोन ग्रॅम मोजायला छोटा काटा नसेल तर सपाट एक छोटा चमचा धरा, पण ब्रँडनुसार फरक पडतो. शंका असेल तर एक चमचा उकळलेलं मिश्रण फ्रिजमधल्या गार ताटलीत टाकून पाच मिनिटांनी बोट लावून बघा.

गार दुधात अगर आणि साखर घालून ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन मिनिटं मंद उकळू द्या. नुसतं गरम केलं तर अगर विरघळत नाही आणि सेटच होत नाही. दुसऱ्या पातेल्यात क्रीम आणि प्युरी वाफ येईपर्यंत तापवून घ्या, मगच दोन्ही एकत्र करा. फ्रिजमधली गार प्युरी थेट घातली तर अगर ४० अंशांच्या आसपास, तिथल्या तिथे गोठायला लागतं आणि शेवयांसारख्या गाठी होतात. झाल्याच तर सगळं परत उकळा, अगरला त्याने काही होत नाही. गाळणीतून गाळून ग्लासात भरा. इथे प्युरी आटवायची गरज नाही, अगर पाणी धरतं. तरी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, अगर हळूहळू पाणी सोडतं.

खलबत्ता:
भारतात नाताळच्या जेवणाला हे करणाऱ्यांसाठी: आपला बाजारातला लाल भोपळा यासाठी उत्तम. अमेरिकेत डब्यातल्या प्युरीला प्रामुख्याने डिकिन्सन जातीचा भोपळा वापरतात, तो आणि आपला लाल भोपळा बहुतेक एकाच प्रजातीचे, कुकुर्बिटा मोस्काटा. हॅलोवीनला कोरतात तो वेगळा, दोरेदार आणि पाणचट.

एक किलोची पिकलेली, आतून गडद केशरी फोड घ्या. कुकरमध्ये थेट पाण्यात शिजवू नका, अर्धा पाऊण तास त्याच पाण्याशी झगडत बसाल. २०० अंशांवर सालीसकट चाळीस मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर चाळणीत वाफवा. गर काढून चाळणीवर घासा, दोरे वर राहतात. मग चक्क्यासारखा फडक्यात तासभर टांगा आणि नंतर पॅनमध्ये आटवा. ब्राऊन शुगरऐवजी चिकीचा नसलेला, साधा पिवळा गूळ १०० ग्रॅम चालतो, तो भोपळ्यातच शिजवायचा.

मास्कार्पोने महाग पडतं. घरी करायचं तर क्रीम किमान ३५ टक्के फॅटचं हवं. अर्धा लिटर क्रीम ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचं, एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून चार-पाच मिनिटं त्याच तापमानाला ढवळायचं, गार करून फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये. भाजीत घालतो ते २५ टक्क्यांचं क्रीम इथे कामाचं नाही, ते नीट घट्टही होत नाही आणि फेटलंही जात नाही. वनस्पती-फॅटचं व्हिपिंग क्रीम फुगतं झकास, पण बहुतेकदा आधीच गोड असतं आणि टाळूला तुपकट थर ठेवतं. चक्का वापरून बघायचा असेल तर ताज्या दह्याचाच. तरीही आंबटपणा येतो आणि त्याचं भोपळ्याचं श्रीखंड होतं. वाईट लागत नाही, पण ते तिरामिसू नव्हे.

चुलीपुढे:
न्यायचं म्हणालात म्हणून: झाकणाचे पॅन घ्या, वर किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी. निघायच्या आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवले तर वळणावर थर सरकत नाहीत. कूलरमध्ये बर्फाच्या पिशव्या खाली आणि बाजूंना लावा, पॅन पूर्ण सपाट बसायला हवा. पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये, जेवणाच्या टेबलावर दोन तासांहून जास्त नको. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, दर कापाला. प्रत्येक पॅनचे नऊ तुकडे करा, बारा जणांत काहींना दुसरा लागतोच. बिनअंड्याच्या पॅनला चिठ्ठी लावा आणि त्याचा चमचाही वेगळा ठेवा.