ब्रेस्ट रिडक्शन ठरलंय, आधी काय माहीत असावं?

अबोली:
वय ३४. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत, मान-पाठ रोज दुखते, स्तनांखालच्या घडीतलं पुरळ बरं होतच नाही. पुढच्या महिन्यात स्तनांचा आकार कमी करायचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी समजावलंय, पण जिने केलंय तिच्याकडून ऐकायचंय.

निशिगंध:
अगं, मी तीन वर्षांपूर्वी केलं. पूर्ण भूल, तीन तास. शुद्धीवर आले तेव्हा छाती घट्ट बांधलेली, दोन्हीकडे ड्रेनच्या, म्हणजे आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या. त्या दुसऱ्या दिवशी काढल्या. ठणका गोळ्यांनी आटोक्यात होता, पण टाक्यांची ओढ सतत जाणवायची. तरी पहिल्यांदा उभी राहिले आणि मानेवरचा भार गेल्याचं कळलं, तेव्हा मला रडूच आलं.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. मुलगी दोन वर्षांची, हात पसरून उभी, आणि सहा आठवडे तिला कडेवर घ्यायचं नाही. मी जमिनीवर बसायचे, मग ती येऊन मांडीला टेकायची. घरात मदतीला कोणी असेल हे आत्ताच बघून ठेव. पुढून उघडणारे कपडे काढून ठेव, हात वर जात नाहीत. झोपायचं उताणंच.

व्रण स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत आडवा. उभी-आडवी शिवण मिळते तिथे माझी जखम थोडी उघडली, पाच आठवडे ड्रेसिंग चाललं. ती जागा बऱ्याच जणींची उशिरा भरते. लाल रेषा फिकट व्हायला वर्ष गेलं. डाव्या स्तनाग्राची संवेदना मात्र परत आली नाही.

दूर्वा:
सिगारेट ओढत असशील तर किमान चार आठवडे आधी बंद कर. निकोटीनने रक्तपुरवठा घटतो, जखमा भरत नाहीत.

अबोली:
मला अजून मूल हवंय. दूध येईल का?

निशिगंध:
काहींना पुरेसं येतं, काहींना कमी, काहींना अजिबात नाही. खात्री कोणी देणार नाही. म्हणूनच मी मुलीचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत थांबले. गरोदरपणात आकारही पुन्हा बदलू शकतो. हे ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्पष्ट सांग. स्तनाग्राच्या नसा-नलिका किती राखता येतील ते विचार. थांबावंसं वाटलं तर तारीख पुढे ढकल, त्यात काही चूक नाही.

आणि नंतर एकच बाजू अचानक सुजून टणक झाली, तर मध्यरात्र असली तरी दवाखान्यात फोन कर. आत रक्त साठत असू शकतं.

अबोली:
उद्याच विचारते गं.