ॲन ब्राँटे परत छापायची तर अख्खी छापा ना

वाचनवेडी: इंग्रजी लेखिका ॲन ब्राँटेची कादंबरी ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ अजून छापली जाते याचा आनंदच आहे, पण कित्येक वर्षं लोकांनी जे वाचलं ते ॲनने लिहिलं तसं नव्हतंच. मूळ कादंबरी १८४८ची, तीन भागांत. ॲन १८४९मधे गेली आणि १८५४मधे हॉजसन नावाच्या प्रकाशकाने एका भागात बसवायला ती कापली, गोष्ट सांगणारा गिल्बर्ट त्याच्या हॅलफर्ड नावाच्या मित्राला लिहितो ते सुरुवातीचं पत्र उडवलं, प्रकरणांची नावं उडवली, अठ्ठाविसावं प्रकरण तर जवळजवळ अख्खं गेलं. पुढे बऱ्याच जणांनी तेच छापलं. हा कापलेला मजकूर यापुढे कोणी छापूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनीपानं: हे फार टोकाचं झालं. तेव्हा तीन भागांची कादंबरी दीड गिनीला असायची, साधा माणूस कुठून घेणार, लोक वर्गणी भरून लायब्ररीतून आणायचे. एका भागातल्या आवृत्तीमुळे ती विकत घेता आली. आजही कॉलेजची मुलं स्वस्त प्रत मिळते म्हणून वाचतात. आणि गोष्ट तीच राहते ना, नायिका हेलन दारुड्या नवऱ्याला सोडते, मुलाला घेऊन पळते, चित्रं विकून पोट भरते.

वाचनवेडी: नाही राहत तीच! त्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात हेलन नुकती आई झालीय, हे लेकरू पुढे बिघडलं तर काय या काळजीने तिचा जीव वरखाली होतोय आणि नवऱ्याला बाळाचं काही पडलेलं नाही. पुढे तोच बाप एवढ्याशा पोराला दारू आणि शिव्या शिकवतो, म्हणून ती पळते. त्या काळी बायकोची मिळकत कायद्याने नवऱ्याची, पोरावरही हक्क बापाचा, म्हणजे तिने केवढी जोखीम घेतली बघा. त्या जोखमीचं मूळच कापून टाकलं. आणि किमतीचं म्हणाल तर आता कॉपीराइट कोणाचाच नाही, पूर्ण मजकुराला चार पानं कागद जास्त लागेल, एवढंच.

कोकणकडा: पण सख्ख्या बहिणीलाच ती परत छापायला नको होती. शार्लटने १८५०मधे एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनचीच ‘ॲग्नेस ग्रे’ परत आणल्या, ही नाही आणली, विषयाची निवडच चुकली असं लिहिलं. नऊ महिन्यांच्या आत भाऊ ब्रॅनवेल आणि बहिणी एमिली, ॲन असे तिघं गेले, त्यात ब्रॅनवेल दारूपायी संपलेला. घरचं दुखणं चव्हाट्यावर नको वाटलं तर तिचं काय चुकलं? घरच्यांच्या शब्दाला काही मान आहे की नाही?

पिंपळपान: शार्लटचं दुःख कळतं हो, पण पुस्तक ॲनचं होतं. टीकाकार तुटून पडले तरी ती मागे हटली नाही, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत सांगितलं की मला खरं तेच सांगायचंय आणि लिहिणारा पुरुष आहे की बाई याने काही फरक पडत नाही. तेव्हा ती ॲक्टन बेल नावाने लिहायची. लेखिकेने स्वतः एवढं ठणकावून सांगितल्यावर बहिणीचा शब्द वरचढ कसा?

जुनीपानं: बरं, बाकीचं सोडा. ते पत्र तरी नव्या वाचकाला जड जातं, पहिल्याच पानावर पुस्तक मिटतो तो.

वाचनवेडी: पत्र नसलं की गिल्बर्ट कुणाशी बोलतोय हेच कळत नाही, मधेच हॅलफर्ड हॅलफर्ड करतो आणि वाचक गोंधळतो. १९९२मधे ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन आवृत्तीने नीट तपासलेला मजकूर दिलाय, त्यामुळे आता सबब नाही. घ्यायच्या आधी पहिलं पान उघडून बघा, हॅलफर्डला लिहिलेलं पत्र नसेल आणि थेट १८२७च्या शरद ऋतूपासून सुरुवात असेल तर ती कापलेली प्रत आहे, घेऊ नका.