दत्तक घेतलेली कुत्री पलंगाखालून बाहेर येत नाही

प्रश्न: प्राणी निवारा केंद्रातून चार वर्षांची कुत्री दत्तक घेतली. तीन दिवस झाले, ती पलंगाखालीच बसते आणि सगळे झोपल्यावरच जेवते. तिला परत करावे का?

उत्तर १: कृपया घाई करू नये. सततच्या भुंकण्याच्या गोंगाटातून आलेल्या प्राण्याला नव्या घरातले वास आणि आवाज ओळखीचे व्हायला काही आठवडेही लागतात. ती रात्री का होईना जेवते, हेच मला आश्वासक वाटते. तिला ओढून बाहेर काढू नका, जवळच जमिनीवर पाठमोरे बसा.

उत्तर २: सहमत. मात्र तिने दिवसा आणि रात्रीही काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना दाखवा. निर्बीजीकरणाची आणि रेबीजच्या लसीची नोंद केंद्राकडून घेतली आहे ना?

प्रश्नकर्ती: हो, लसीकरणाचे कार्ड मिळाले आहे. आज तिने शेपटी एकदाच हलवली, पण हलवली.