फोनवर बघून घातलेलं गाऱ्हाणं हे गाऱ्हाणं आहे का?

सड्यावरचा
यंदा चतुर्थीला वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांची दुखणी-मागणी देवासमोर मोठ्याने मांडायला, पुतण्या उभा राहिला. एआयकडून लिहून घेतलेलं फोनवर बघून त्याने वाचलं. रवळनाथ, आरवलीचा वेतोबा, आंगणेवाडीची भराडी, कोकणातली सगळी दैवतं एका दमात. आमची वाडी देवगड तालुक्यातली, आणि ग्रामदेवतेचंच नाव नाही! पण माझी हरकत त्यावर नाही. ती चूक उद्या सुधारेल.

गाऱ्हाणं घालणाऱ्याला घरोघरची खबर असते. कुणाचा झील (मुलगा) घर सोडून गेलाय, कुणाच्या कलमांचा मोहोर तुडतुड्याने गेला, कोण मुंबईच्या इस्पितळात आहे, हे तो अशा बेताने मांडतो की ज्याचं त्याला कळतं. मग सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि एका घराचं दुखणं वाडीचं होतं. यंत्र आजवर लिहिलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतं. त्याला देवाचा धाक नाही की उद्या त्याच पाणंदीत कुणाला तोंड दाखवायचं नाही. मला माणूसपण तिथे दिसतं, शब्द जुळवण्यात नाही.

बोरिवलीचो चाकरमानी
घर उघडतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. बाबा गेले आणि गाऱ्हाणंही गेलं. माझ्या मुलांना मालवणी कळते, बोलवत नाही. त्यांनी देवासमोर मुकाट उभं राहायचं का? रामदास सतराव्या शतकातले. त्यांची म्हणून ओळखली जाणारी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आपण घरोघर म्हणतो, तीही आरतीसंग्रहात बघून. तिला कोणी उसनी म्हणत नाही. शब्द कुठूनही येवोत, हात जोडणारा माणूस असला म्हणजे झालं.

सड्यावरचा
आरती सगळ्यांची एकच असते. गाऱ्हाणं त्या दिवसाचं, त्या घराचं. आपल्याकडच्या दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं आणि नट पहाटेपर्यंत स्वतःच्या जिभेवर संवाद उभे करतो. ते ऐकून ऐकून, अडखळत येतं. फोन हातात असला तर पोरगा अडखळणार कधी?

माजघरातली
तुम्ही दोघंही पुरुष आहात म्हणून हे बोलताय. माझ्या घरात कर्ता पुरुष नाही. गाऱ्हाण्यासाठी दरवर्षी शेजारच्या काकांना बोलवायचे, आणि माझ्या मुलाचं दारू पिणं त्यांनी मला न विचारता सगळ्यांसमोर देवाला सांगितलं. नाव घेतलं नाही, पण कळायचं त्याला कळलं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मला ती माया वाटली नाही. यंदा काय सांगायचं ते मी ठरवलं, अ‍ॅपने नुसती चाल बसवून दिली, आणि पहिल्यांदा मी स्वतः उभी राहिले. यात माणूसपण कमी झालं म्हणता?

सड्यावरचा
तुम्ही उभ्या राहिलात याचा आनंद आहे. पण काय सांगायचं हे तुम्हाला ठाऊक होतं, तर चालीसाठी तरी यंत्र कशाला? चार वाक्यं मोडकीतोडकी आली असती, तरी देव काही व्याकरण तपासत नाही.

माजघरातली
देव तपासत नाही. ओसरीवर बसलेले तपासतात.

बोरिवलीचो चाकरमानी
मालवणीत लिहिलेलंच थोडं, म्हणून यंत्राची मालवणी कच्ची. जुन्या जाणत्यांची गाऱ्हाणी आत्ताच रेकॉर्ड करून ठेवूया, पोरं त्यावरून शिकतील.

माजघरातली
जरूर करा. पण ज्या घराचं दुखणं त्यात आहे त्या घराला आधी विचारा, आणि ते नको म्हणालं तर तेवढं खोडून टाका. काकांनी सांगितलेलं निदान वाडीतच राहिलं होतं.